सीईटीचा पर्सेंटाइल आला. आता हवी ती ब्रँच मिळेल का, हे कसं ओळखायचं?

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरात पहिला प्रश्न एकच असतो: "एवढ्यात कम्प्युटर मिळेल का?" उत्तर द्यायला सगळेच पुढे असतात. शेजारच्या काकूंच्या मुलाला म्हणे ८९ वर मिळालं होतं. क्लासचे सर म्हणतात ९५ शिवाय विचारही करू नका. दोघंही खरं बोलत असतात, पण वेगवेगळ्या कॉलेजबद्दल, वेगवेगळ्या वर्षाबद्दल आणि वेगवेगळ्या प्रवर्गाबद्दल. त्यातलं तुम्हाला काहीच लागू पडत नाही, असंही होऊ शकतं.

मी स्वतः कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. पुढे धाकट्या बहिणीचा फॉर्म भरला, मग दोन मावसभावांचा. बहिणीच्या वेळी आमच्या हातून एक मोठी चूक झाली, ती तिसऱ्या पायरीत सविस्तर सांगतो. तुमच्या घरी ती होऊ नये म्हणूनच हे लिहायला बसलो.

१. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा पेपर २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे १००. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५०, एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून थेट गुणांची तुलना न करता पर्सेंटाइल काढतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात बसलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या खाली आहेत. ९२ टक्के गुण नव्हेत.

यावरून दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, "१२० गुणांना किती पर्सेंटाइल" असे जे तक्ते फिरत असतात, ते निकालानंतर बाजूला ठेवा. सत्र सोपं की अवघड यावर सगळा खेळ बदलतो. दुसरी, एकूण पर्सेंटाइल हा तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो. तो एकूण गुणांवर वेगळा काढलेला असतो. तिन्ही विषयांची बेरीज करून तीनने भागून "आमच्या निकालात चूक आहे" म्हणत बसलेले पालक मी पाहिलेत. चूक नसते.

२. मेरिट नंबर हाती येईपर्यंत कच्चाच अंदाज धरा

कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची स्क्रुटिनी (तपासणी) झाली की आधी तात्पुरती आणि मग अंतिम गुणवत्ता यादी लागते. तिच्यात तुम्हाला राज्याचा मेरिट नंबर मिळतो. खरा हिशोब इथून सुरू होतो, कारण जागा वाटल्या जातात त्या या क्रमाने.

पर्सेंटाइलमध्ये अर्ध्या-एकाचा फरक फार छोटा वाटतो. समजा ४ लाख मुलं परीक्षेला बसली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० मुलं. "फक्त अर्ध्याने हुकलं" म्हणजे मध्ये दोन हजार जण उभे आहेत. हे मनात ठेवलं की आशा आणि शक्यता यांतला फरक कळायला लागतो.

तात्पुरती यादी लागली की नंबर बघून लगेच पान बंद करू नका. नाव, प्रवर्ग, लिंग, होम युनिव्हर्सिटी (तुम्ही ज्या विद्यापीठाच्या हद्दीतले धरले जाता ते), बारावीचे गुण हे सगळं एकेक करून तपासा. चूक असेल तर हरकत नोंदवायला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादीनंतर ती चूक तुमच्या गळ्यात पडते.

३. कटऑफच्या यादीत आपला रकाना शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला. सीईटी सेल (ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं राज्याचं कार्यालय) दरवर्षी जागावाटपाच्या प्रत्येक फेरीनंतर कटऑफची यादी संकेतस्थळावर टाकतं. शेकडो पानांची पीडीएफ असते. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ब्रँचखाली एक तक्ता, त्यात रकाने, आणि प्रत्येक रकान्यात दोन आकडे: वर शेवटच्या प्रवेशाचा मेरिट नंबर, खाली कंसात त्याचा पर्सेंटाइल. पहिल्यांदा बघणाऱ्याला रकान्यांची नावं एखाद्या गुप्त लिपीसारखी वाटतात. ती अशी फोडायची.

पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वांसाठीची जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, एससी, एसटी, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) वगैरे. शेवटचं अक्षर सगळ्यात फसवं. एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीतल्या मुलांची, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांची. म्हणजे "एल-ओबीसी-एच" हा रकाना त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या ओबीसी मुलींचा.

आता आमची चूक. आमचं घर सातारा जिल्ह्यात. बहीण अकरावी-बारावीला लातूरला होती. निकालानंतर रोज रात्री जेवणं झाली की वडील पीडीएफमधले आकडे वाचायचे आणि मी वहीत उतरवायचो. सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे, तेव्हा त्या भागातल्या कॉलेजांना आम्ही बिनदिक्कत एच चा रकाना लावला. चौदा कॉलेजं लिहिली, त्यांतल्या नऊंपुढे मी लाल पेनाने "नक्की" असं लिहिलं. मग सुविधा केंद्रावर कागद तपासताना तिथल्या बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. "बारावी लातूरची ना? मग होम युनिव्हर्सिटी नांदेड."

दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्या मुलांची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं त्यावरून, घराच्या पत्त्यावरून नव्हे. लातूर जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. म्हणजे घराजवळच्या ज्या कॉलेजांना आम्ही एच लावला होता, तिथे बहीण ओ होती. त्या रात्री सगळी वही पुन्हा लिहिली. काही ठिकाणी ओ चा कटऑफ एच पेक्षा सैल निघाला, पण नऊ "नक्की" मधले पाच खोडावे लागले. बारावीसाठी जिल्हा बदललेला कुणीही असेल, त्याने ही एक गोष्ट सगळ्यात आधी बघावी.

रकान्याबद्दल आणखी काही:

- राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराचा विचार ओपनच्या जागेसाठीही होतो. म्हणून दोन्ही रकाने बघा. मुलींनी तर जी आणि एल दोन्ही, म्हणजे प्रवर्ग असेल तर चार रकाने.
- टीएफडब्ल्यूएस हा ट्यूशन फी माफीचा रकाना. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी. जागा अगदी मोजक्या, त्यामुळे त्याचा कटऑफ त्याच ब्रँचच्या ओपनपेक्षाही बहुधा वर असतो. त्याचा चॉइस कोडही (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-ब्रँचचा क्रमांक) वेगळा, शेवटी टी असलेला. तो आकडा बघून "हे कॉलेज आपल्या आवाक्यात नाही" असं ठरवू नका. आणि फक्त ट्यूशन फी माफ होते, बाकीचं शुल्क भरावंच लागतं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी किंवा ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून प्रवेश घेतल्यास शासनाची शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. त्यांनी केवळ फीसाठी टीएफडब्ल्यूएसच्या मागे लागून चांगलं कॉलेज हातचं सोडू नये.
- अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात त्या समाजाच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. इतरांसाठी उरतात कमी, म्हणून तिथला ओपनचा कटऑफ एकदम चढा दिसतो.
- अखिल भारतीय जागांची यादी वेगळी असते आणि तिथे पर्सेंटाइल जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा असतो. सीईटीचा आकडा त्याच्याशी ताडून बघणारे दरवर्षी भेटतात. दोन परीक्षांचे पर्सेंटाइल एका मापाने मोजता येत नाहीत.

४. तीन वर्षं, पहिली फेरी आणि शेवटची फेरी

एकाच वर्षाचा कटऑफ बघून काही ठरवू नका. मागच्या तीन वर्षांच्या याद्या उतरवून घ्या आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक ब्रँचपुढे आपल्या रकान्याचे आकडे लिहा: पहिल्या फेरीचा मेरिट नंबर आणि शेवटच्या फेरीचा. पर्सेंटाइलही बाजूला असू द्या. दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अंदाजावर भरवसा ठेवा.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा तुमचा मेरिट नंबर ३१,०००. एका ब्रँचचे पहिल्या फेरीचे शेवटचे नंबर तीन वर्षांत २७,८००, ३०,२०० आणि ३३,९०० असे आहेत. तुम्ही मधेच पडता. एका वर्षी मिळालं असतं, दोन वर्षी नसतं. ही ब्रँच अटीतटीची. दुसऱ्या कॉलेजात तेच आकडे ३६,०००, ३८,५०० आणि ४१,००० असतील, तर तिन्ही वर्षी शेवटचा नंबर तुमच्या किमान पाच हजार मागे होता. ही खात्रीची. तिसरीकडे १९,०००, २१,०००, २२,५०० असतील, आणि शेवटच्या फेरीतही आकडा २६,००० च्या पुढे गेला नसेल, तर ती फक्त आशेची.

माझा नियम सोपा आहे. खात्रीची म्हणायची तर पहिल्या फेरीच्या सगळ्यात कडक वर्षातही नंबर बसला पाहिजे. शेवटच्या फेरीचे आकडे फक्त आशेसाठी वापरायचे. उलटं करणारे फसतात, कारण शेवटच्या फेरीत आकडा खाली घसरलेला दिसतो तो कधीकधी एकुलत्या एका रिकाम्या जागेचा असतो. यंदा ती जागा रिकामी राहीलच, असं कोण सांगणार?

रकाना कोरा दिसला तर त्याचा अर्थ "कितीही पर्सेंटाइलला मिळतं" असा घेऊ नका. त्या फेरीत त्या रकान्यातून कुणाला जागा दिली गेली नाही, एवढाच तो अर्थ.

५. जागा किती आहेत तेही बघा

कटऑफ ठरतो मागणीवर आणि जागांवर. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था) २०२४-२५ पासून ब्रँचमधल्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच खासगी कॉलेजांनी कम्प्युटर आणि तत्सम ब्रँचच्या तुकड्या वाढवल्या. ज्या कॉलेजात १२० च्या २४० जागा झाल्या, तिथे जुना कटऑफ जसाच्या तसा धरता येत नाही. आकडा खाली येण्याकडे कल राहतो. म्हणून वहीत प्रत्येक वर्षाच्या जागांसाठी एक रकाना ठेवा.

नव्याने सुरू झालेल्या ब्रँचला इतिहासच नसतो. आर्टिफिशियल इंटेलिजन्सशी जोडलेली नवी नावं दरवर्षी येतात. तिथे त्याच कॉलेजच्या कम्प्युटरचा आणि आयटीचा कटऑफ बघा आणि त्यांच्या आसपास धरा. जाता जाता त्या ब्रँचचा अभ्यासक्रमही डोळ्यांखालून घाला. नाव नवं आणि विषय सत्तर टक्के कम्प्युटरचेच असं बऱ्याचदा आढळतं.

६. मिळणं वेगळं, झेपणं वेगळं

नंबर लागला म्हणजे ती पदवी तुम्हाला जमणार, असं नाही. गुणपत्रिकेत विषयवार पर्सेंटाइल असतात, ते कुणी फारसं बघत नाही. मी बघतो.

गणित १०० गुणांचं असल्यामुळे एकूण आकड्यावर त्याचाच जोर असतो. पण काही मुलांचा एकूण ९० असतो, त्यात रसायन ९७ आणि गणित ८४. असा मुलगा म्हणतो, "मला केमिस्ट्री आवडते, केमिकल इंजिनिअरिंग घेतो." केमिकल इंजिनिअरिंगमध्ये उष्णता कशी वाहते, द्रव पाइपातून कसा जातो, भट्टीत आत किती घातलं की बाहेर किती येईल याचे हिशोब असतात, आणि ते सगळे गणितातून, भौतिकशास्त्रातून होतात. रसायनाची आवड उपयोगी पडते, पण ती एकटी पुरत नाही. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सला गणिताची भीती असेल तर पहिल्या दोन वर्षांतच बॅकलॉग (नापास होऊन राहिलेले विषय) साचतात. सिव्हिल-मेकॅनिकलला भौतिकशास्त्रातलं बलविज्ञान पक्कं हवं.

माझा एक मावसभाऊ गणितात ७८ वर होता आणि एकूण ८६ वर. त्याला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स खात्रीने मिळत होतं. आम्ही त्या ब्रँचच्या दुसऱ्या वर्षाची एक प्रश्नपत्रिका काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. उत्तरं येणारच नव्हती, ती अपेक्षाही नव्हती. फक्त विचारलं, हे शिकायला आवडेल का? तो अर्धा तास ती चाळत बसला, मधेच एका सर्किटची आकृती वहीत काढून बघायला लागला. त्याने इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि सुट्टीभर गणिताची उजळणी केली. कमी आकडा म्हणजे नाही, असं मी म्हणणार नाही. पण कुठे जास्त कष्ट लागणार आहेत, हे आधी कळलेलं बरं.

७. कागद: यांच्यावर तुमचा रकाना टिकून आहे

पात्रतेसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. विषयगटात खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के. सीईटीत ९६ पर्सेंटाइल आणि बारावीत गटाचे ४३ टक्के असतील तर ते ९६ काही कामाचे नाहीत.

- सीईटीचं गुणपत्रक
- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- आधार कार्ड
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (प्रवर्गातून अर्ज असेल तर)
- नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं
- ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, लागू असल्यास
- उत्पन्नाचा दाखला, टीएफडब्ल्यूएस आणि शुल्क सवलतीसाठी

सापळा नॉन-क्रीमी लेयरचा. दोन वर्षांपूर्वी काढलेलं फाइलमध्ये असतं, घरचे निर्धास्त असतात आणि स्क्रुटिनीच्या दिवशी मुदत संपलेली निघते. मग अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि तुम्ही तयार केलेली सगळी यादी चुकीच्या रकान्यावर उभी राहते. निकालाची वाट न बघता परीक्षा संपताच सेतू केंद्रात अर्ज टाका. जात वैधतेला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ती अकरावीतच सुरू करावी.

८. ऑप्शन फॉर्म: आवडीच्या क्रमाने

वहीत आता तीन गट तयार आहेत: आशेची, अटीतटीची, खात्रीची. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. लोक दहा-बारा भरून थांबतात आणि मग पहिल्या फेरीत हाती काहीच लागत नाही. किमान चाळीस-पन्नास तरी भरा, आणि शेवटचे दहा खात्रीचेच असू द्या.

क्रम मात्र कटऑफप्रमाणे नको, आवडीप्रमाणे लावा. वर आशेचा पर्याय ठेवल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. संगणक तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा आहे तिथे थांबतो. एवढंच. "आधी सोपं टाकलं तर लवकर मिळेल" हा विचार घातक आहे, कारण ते खरोखर मिळतं आणि वरचं चांगलं तुम्ही स्वतःच गमावता.

पहिल्या क्रमांकाला विशेष जपा. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप फ्रीझ झाला. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी, आणि चौथ्यात कुठलाही. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. म्हणून पहिल्या सहा पर्यायांत असं एकही नाव नको, की जे लागलं तर घरात शांतता पसरेल. तुमच्या वर्षीचा नियम त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचा आणि तेवढं पान छापून वहीला चिकटवा.

चॉइस कोड टाकताना नाव मोठ्याने वाचा. कोडचा सुरुवातीचा आकडा विभागाचा असतो: १ अमरावती, २ छत्रपती संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. सारख्या नावाची कॉलेजं दोन विभागांत असतात आणि एका आकड्याने मुलगा भलत्याच शहरात जातो. एकाने कोड वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. आमच्या घरी हे काम आईने केलं आणि तिने दोन चुका पकडल्या.

९. जागा लागल्यावर

फ्रीझ म्हणजे हीच जागा घेतली, पुढे नको. बेटरमेंट म्हणजे ही हातात राहू द्या, वरच्या पर्यायांसाठी पुढच्या फेरीत बघा. पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते, दोन्ही राहत नाहीत. म्हणून बेटरमेंट निवडण्याआधी लागलेल्या जागेच्या वरचे सगळे पर्याय पुन्हा वाचा. त्यातलं एखादं आता नको वाटत असेल, तर पुढच्या फेरीच्या फॉर्ममधून काढून टाका.

जागा स्वीकारायची आणि शुल्क भरायची मुदत ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी संपते. शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ रेंगाळतं, बँकेचा ओटीपी येत नाही. आदल्या दिवशी सकाळी हे काम उरका, पावतीची पीडीएफ मोबाइलमध्ये आणि ईमेलवर दोन्हीकडे ठेवा. मग मूळ कागद आणि दोन छायांकित संच घेऊन कॉलेजात हजर व्हा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. वसतिगृहापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत तो पुन्हा पुन्हा मागतात.